नारिंगी दाणे

गोळी सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी दशरथ साळवींनी दोन वर्षांत पहिल्यांदाच डाव्या बाजूने भाकरी चावली. चावताना ते मध्येच थांबले, जबडा तसाच धरून वाट बघत राहिले. काहीच झालं नाही, तेव्हा त्यांनी दुसरा तुकडा मोडला. समोर बसलेल्या मृणालिनीबाईंनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी नवऱ्याच्या ताटात ठेवली आणि पाणी आणायला म्हणून आत गेल्या, कारण डोळे भरून आले होते.

दोन वर्षं त्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. दशरथना चेहऱ्याच्या डाव्या बाजूला कळ यायची, कानापासून हनुवटीपर्यंत कुणी उघडी वायर फिरवावी तशी. आधी दाताचं दुखणं समजून दोन दाढा काढून झाल्या. कळ गेली नाही. तोंडाला पाणी लागलं की कळ, दाढीचा ब्रश लागला की कळ, पंख्याचा वारा गालावरून गेला तरी कळ. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेला हा माणूस भाजीवाल्यापासून लिफ्टमधल्या अनोळखी पाहुण्यापर्यंत सगळ्यांशी बोलायचा. तो बोलेनासा झाला. भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या त्यांच्या सहाव्या मजल्यावरच्या घरात भर उन्हाळ्यात पंखे बंद असायचे, आणि काही हवं असलं की दशरथ जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवायचे.

शेवटी बोरिवलीच्या एका न्यूरोलॉजिस्टनी नेमकं निदान केलं. दुखणं दाताचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे, असं सांगून त्यांनी कार्बामाझेपीन लिहून दिली. फिट येणाऱ्यांना देतात तीच गोळी. चार दिवसांत कळ थांबली. आठव्या दिवशी मृणालिनीबाईंनी बाल्कनीतून पाहिलं, तर एकाहत्तर वर्षांचे दशरथ गेटवर वॉचमनशी हिंदीत हुज्जत घालत उभे होते. किती तरी वेळ त्या बघत राहिल्या.

चौथा आठवडा लागला तेव्हा त्यांच्या पाठीला खाज सुटली.

"घामोळं असेल," मृणालिनीबाई म्हणाल्या. मार्च संपत आला होता. त्यांनी पावडर लावली. दोन दिवसांनी छातीवर आणि दंडांवर लाल चट्टे उठले, तेव्हा त्यांनी रविवारच्या कोळंबीवर खापर फोडलं. न्यूरोलॉजिस्टच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं की अंगावर पुरळ आल्यास ताबडतोब कळवावे. ती ओळ त्यांनी वाचली होती. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली होती त्यांची, औषध अंगावर उठतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण त्या गोळीचं नाव मनात येऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

मग ताप आला. एका सकाळी दशरथ उठले तेव्हा चेहरा सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. फॅमिली डॉक्टर सावलांनी घसा बघितला, पोट दाबलं, रक्त तपासायला सांगितलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात घेऊन ते म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ. प्लेटलेट्स एकदम मस्त आहेत, एक लाख ऐंशी हजार. डेंगू निगेटिव्ह. व्हायरल आहे, चार-पाच दिवसांत जाईल."

नाशिकहून मुलीचा, मिनलचा फोन आला. तिनंही पहिलं तेच विचारलं, "प्लेटलेट्स किती आहेत?" शेजारच्या पटेलबेननीही तेच विचारलं. सगळ्यांना उत्तर ऐकून बरं वाटलं.

मृणालिनीबाईंनी घरी येऊन चष्मा लावला आणि कागद पुन्हा वाचला. पांढऱ्या पेशी चौदा हजार सहाशे. आणि त्याखाली कुणीच न पाहिलेला एक आकडा. इओसिनोफिल, चोवीस टक्के. निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत या दोन-चार सापडतात, फार तर सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोल्डन नेस्टजवळच्या त्यांच्या जुन्या लॅबमध्ये गेल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. लॅब आता चंदन चालवत होता. पंचविशीत असताना तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

"मॅडम, मशीनचा आकडा आहे," तो म्हणाला. "आणि इओसिनोफिल तर आजकाल सगळ्यांचेच वाढलेले दिसतात. धूळ, जंत, काहीही असतं."

"मला स्लाइड बघू दे."

त्यांनी मायक्रोस्कोपसमोर स्टूल ओढलं, तेलाचा थेंब टाकला, स्क्रू फिरवला. इओसिनोफिल ही ओळखायला सगळ्यात सोपी पेशी. मधे जांभळ्या केंद्रकाचे दोन गोल, आणि भोवती ठासून भरलेले नारिंगी दाणे. शरीराला कशाचं तरी वावडं झालं की या पेशी वाढतात, कातडीत शिरतात आणि तिथे आपले दाणे ओतून जळजळ माजवतात. त्यांनी शंभर पेशी मोजल्या. सव्वीस इओसिनोफिल निघाल्या, आणि त्यांच्या मधून मधून मोठ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या लिम्फोसाइट, दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी. वयस्क पेशंट, ताप, सुजलेला चेहरा, अंगभर पुरळ आणि स्लाइडवर हे असं दिसलं तर डॉक्टरांना फोन करून आधी विचारायचं, नवीन औषध कोणतं चालू केलंय. हे त्यांनी स्वतः कितीतरी शिकाऊ मुलांना सांगितलं होतं. चंदनलाही.

"नवीन काही औषध चालू आहे का काकांना?" चंदनने विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन लावला तर सर सोमवारपर्यंत बाहेरगावी होते. डॉक्टर सावलांनी स्लाइडबद्दल ऐकून घेतलं. "बंद करा. आत्तापासून," ते म्हणाले. "मी विचारायला पाहिजे होतं, काकू." त्यांनी त्याच दिवशी मीरा रोडच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर रसिका कर्णिक यांच्याकडे पाठवलं.

डॉक्टर कर्णिकांनी दशरथच्या मानेतल्या गाठी चाचपल्या, पुरळावर बोट दाबून पाहिलं, लिव्हरची तपासणी मागवली. "ही गोळीची रिअ‍ॅक्शन आहे," त्या म्हणाल्या. "दिसते कातडीवर, पण खरी भीती आतली असते. लिव्हर, किडनी, हृदय. या वयात तर फार जपायला लागतं. लिव्हरवर थोडा परिणाम झालाय, आत्ता तरी घरी ठेवता येईल. दर तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. आणि ही गोळी आयुष्यात पुन्हा घ्यायची नाही. तिच्या जातीच्या आणखी दोन-तीन आहेत, त्याही नाहीत."

"मग कळ आली तर?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"दुसरं औषध हळूहळू वाढवू. वेळ लागेल. कळ भयंकर असते, मला माहीत आहे. पण कळेने माणूस मरत नाही. याने मरू शकतो."

दशरथ सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होते. "तुम्हाला आलीय कधी ती?" त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात. डॉक्टर कर्णिकांनी नकारार्थी मान हलवली आणि त्या कागदावर लिहायला लागल्या.

घरी येऊन मृणालिनीबाईंनी उरलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांतून एकेक काढून संडासात टाकल्या आणि वरून पाणी सोडलं. दशरथ दारात उभे राहून बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या पहिल्याच घोटाला कळ परत आली.

या वेळी ती महिनाभराची कसर काढायला आल्यासारखी आली. एक झटका ओसरला की दुसरा, तासातासाला आठ-दहा. त्यातून खाज. अंगाची कातडी कोरडी पडून कोंड्यासारखी गळत होती आणि चादर दिवसातून दोनदा झटकावी लागत होती. हातापायांची खाज निदान खाजवता तरी येत होती. डाव्या गालालाही तीच खाज होती आणि गालाला बोट लावलं की कळ. दशरथ बोट गालाच्या जवळ नेऊन थांबायचे. हात तसाच अधांतरी राहायचा. मृणालिनीबाईंना ते बघवायचं नाही आणि उठून जाताही यायचं नाही.

ते पुन्हा लिहायला लागले. कॅलेंडरच्या मागे त्यांनी लिहिलं, "एक दे."

"नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "घरात नाहीच आहे."

"अर्धी."

"अहो, तुम्ही ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाल्या ते."

त्यांनी "पाव" असं लिहिलं आणि कागद बायकोकडे धरून ठेवला. मृणालिनीबाईंनी तो हातातून घेऊन उलटा ठेवला.

नवीन औषधाने फक्त गुंगी येत होती. दशरथ पातळ पेज नळीने ओढायचे, तीही निम्मी. वजन साठवरून चौपन्नवर आलं. एका दुपारी बाथरूममधून धपधप आवाज आला म्हणून मृणालिनीबाई धावल्या. दशरथ भिंतीवर कपाळ आपटत होते, ठराविक अंतराने, शांतपणे, जणू काही काम करताहेत. त्यांना ओढून बाजूला करण्याइतकी ताकद मृणालिनीबाईंच्या अंगात नव्हती. त्यांनी भिंत आणि कपाळ यांच्या मधे आपला हात घातला. दोनदा कपाळ हातावरच आपटलं, मग ते थांबले.

तेवढ्या दिवसांत त्यांना एकच आधार होता. दर तिसऱ्या दिवशी चंदनचा माणूस येऊन रक्त घेऊन जायचा आणि दुपारी त्या लॅबमध्ये जाऊन स्वतः मोजायच्या. सव्वीसवरून एकोणीस. एकोणीसवरून तेरा. लिव्हरचे आकडेही उतरत होते. रक्त सुधारत होतं आणि घरी माणूस संपत चालला होता. या दोन गोष्टी एकाच देहात कशा चालू शकतात, हे तीस वर्षं पेशी मोजूनही त्यांना समजत नव्हतं.

आणि मग एका सकाळी दशरथनी चहा सरळ कपातून प्यायला. दुसऱ्या दिवशी ते बोलले. "मृणाल, वालाचं बिरडं कर आज." आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. पेपर उघडून त्यांनी पहिल्या पानावरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली.

मृणालिनीबाईंनी मिनलला फोन केला. "नवीन औषध लागू पडलं," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना रडू आलं आणि पलीकडे मिनलही रडली. त्यांनी मोड आलेले वाल आणून सोलले, नारळ खवला. दशरथ जेवताना त्यांनी पंखा एकवर लावला, मग दोनवर. गालावरून वारा जात होता आणि ते जेवत होते. मानेवर पुन्हा थोडी लाली दिसत होती, पण ती जुनीच असेल असं त्यांना वाटलं.

तीन दिवसांनी त्या लॅबमध्ये स्टूलवर बसल्या. चंदन दुसऱ्या पेशंटचं रक्त काढत होता. त्यांनी स्लाइड लावली आणि पहिल्याच नजरेत तीन इओसिनोफिल शेजारी शेजारी दिसल्या. त्यांनी जागा बदलली. तिथेही दोन. मोजणी संपली तेव्हा आकडा एकतीस होता.

त्यांनी त्याच रक्ताची दुसरी स्लाइड मागितली. चौतीस.

"मी मोजू का एकदा?" चंदनने विचारलं.

"नको. बरोबर आहे."

नारिंगी दाण्यांनी भिंगाखालचं सगळं क्षेत्र भरून गेलं होतं. रक्त खोटं बोलत नव्हतं. जे बंद केलं होतं ते पुन्हा पोटात जात होतं, म्हणूनच कळ थांबली होती, म्हणूनच चहा आणि बिरडं आणि पेपरातली बातमी. नवीन औषध लागू पडलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बॅग तिथेच विसरून रिक्षात बसल्या.

घरी दशरथ बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. स्वयंपाकघरात सुगंधा भांडी घासत होती. जवळच्या मुर्धा गावाहून येणारी पन्नाशीची बाई, सहा वर्षं त्यांच्याकडे कामाला.

"किती घेतल्या?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

दशरथनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "नऊ."

"कुठून आणल्या?"

स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बंद झालं. सुगंधा पदराला हात पुसत दारात आली.

"काकू, ती गोली मीच आनली. काकांनी रिकामं पाकीट दिलं, बोल्ले हीच आन. काकूला बोलू नको, उगाच कालजी करल. मना काय म्हाईत न्हाय."

"सहा वर्षं काम करतेस इथे. मला एक शब्द विचारावासा वाटला नाही?"

"काका लय कलवलत व्हते, काकू."

"तू जा," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आजपासून येऊ नकोस."

सुगंधाने दशरथकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. तिने कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि गेली. निम्मी भांडी मोरीत तशीच राहिली.

"तिची काय चूक," दशरथ म्हणाले.

"तुमची आहे. तुम्हाला माहीत होतं ना काय होईल ते?"

"माहीत होतं."

"मग?"

"पाच दिवस मी माणसात होतो, मृणाल." त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. आत गळ्याखाली सगळं लालभडक झालं होतं. "तू लॅबमध्ये जाऊन रक्त बघून यायचीस. आज एकोणीस, आज तेरा, असं सांगायचीस. मी तुझ्याकडे बघायचो. तुला माझं रक्त दिसत होतं. बाकी काही दिसत नव्हतं."

मृणालिनीबाईंना उत्तर द्यायचं होतं. भिंत आणि कपाळ यांच्या मधे घातलेला हात दाखवायचा होता. पण दशरथ थंडी वाजून कापायला लागले होते, आणि त्यांनी कपाळाला हात लावला तर ते तापलेलं होतं.

चार वाजेपर्यंत ताप एकशे चारवर गेला. डॉक्टर कर्णिकांनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे त्यांना मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून सरळ आयसीयूत. डोळे पिवळे पडले होते. लिव्हरचा जो आकडा चाळिशीच्या आत असायला हवा तो अकराशेच्या पुढे होता. शिरेतून स्टिरॉइड सुरू झालं. दोन दिवसांत इओसिनोफिल शून्यावर आल्या, कारण स्टिरॉइडपुढे त्या टिकतच नाहीत. पण लिव्हर सुधारेना. तळहातांची, तळपायांची कातडी मोज्यासारखी सुटून यायला लागली.

मिनल आली. लिफ्टशेजारच्या बाकावर आईजवळ बसली. मग म्हणाली, "आई, तू चोवीस तास घरात होतीस. तुला कळलं कसं नाही?"

"कळलं."

"कधी?"

"मोजलं तेव्हा."

"ते त्याच्या आधीच बोलायला लागले. जेवायला लागले. तेव्हा तुला शंका आली नाही?"

शंका आली असती तर पंखा बंद करावा लागला असता, असं काहीतरी मृणालिनीबाईंच्या मनात आलं. ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

नऊ दिवस दशरथ आयसीयूत होते. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे. बाकी वेळ त्या बाकावर. समोरच्या भिंतीवर कुणीतरी गणपतीची तसबीर लावली होती, येणारेजाणारे हात जोडायचे. मृणालिनीबाईही जोडायच्या. त्यांना वाचव, असं म्हणायच्या आणि पुढचं वाक्य सुचायचं नाही. वाचून ते कशात परत येणार होते, हे त्यांना ठाऊक होतं. ती गोळी आता कधीच नाही. तिच्या बहिणीही नाहीत. राहणार फक्त कळ. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की किडनीही त्रास द्यायला लागली आहे, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मिनल रडायला लागली. मृणालिनीबाईंच्या मनात स्वच्छ शब्दांत आलं, सुटतील तर सुटू देत. त्या दचकल्या. मिनलचा हात त्यांनी इतक्या जोरात धरला की ती रडायची थांबली आणि आईकडे बघायला लागली.

दशरथ सुटले नाहीत. आठव्या दिवशी किडनी सावरली, लिव्हर उतरायला लागलं. वॉर्डात आणलं तेव्हा ते ओळखू येत नव्हते. कातडीचे पापुद्रे, ओठांवर खपल्या, हातात दोरीसारख्या शिरा. पहिले दोन दिवस ते नुसते छताकडे बघत पडून होते. तिसऱ्या दिवशी मृणालिनीबाई चमच्याने ताक पाजत होत्या तेव्हा कळ आली. चमचा दातांत अडकला. ती ओसरेपर्यंत दोघं तशीच थांबली.

"मला कशाला आणलंस इथं?" दशरथनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मृणालिनीबाईंनी ताकाची वाटी खाली ठेवली. "मला एकटीला राहायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दुसरं काही कारण नाही."

दशरथनी तोंड उघडलं, आणि मृणालिनीबाईंनी पुढचा चमचा घातला.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते त्या दोघांनाच माहीत. स्टिरॉइड एकदम सोडता येत नाही. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी करत नेलं. मधे साखर वाढली, पायावर सूज आली. कळेसाठी दुसऱ्या दोन औषधांनी निम्मा उतार पडायचा, उरलेली निम्मी दशरथ सोसायचे. गोळ्या आता मिनलने येऊन कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. किल्ली पटेलबेनकडे असायची. मृणालिनीबाईंनीच तसं सांगितलं होतं. स्वतःचाही त्यांना भरवसा वाटत नव्हता. लॅबमध्ये त्या पुन्हा गेल्या नाहीत. चंदन रिपोर्ट फोनवर पाठवायचा, त्या तो डॉक्टर कर्णिकांना पुढे पाठवून द्यायच्या.

ऑगस्टमध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दशरथच्या गालातून सुई घालून त्या नसेचं मूळ जाळलं. अर्ध्या तासाचं काम. आधी सह्या घेताना तिथल्या तरुण डॉक्टरने सांगितलं होतं की कळ जाईल, पण गालाची जाणीवही जाईल, कदाचित कायमची. दशरथनी वाक्य पुरं व्हायच्या आत सही केली. तेव्हापासून चेहऱ्याची डावी बाजू बधिर आहे. जेवताना ओठांच्या कोपऱ्यातून भात सांडतो, त्यांना कळत नाही. शब्द जरा जड येतात. पण ते बोलतात.

नवरात्र संपल्यावर एका सकाळी दशरथ म्हणाले, "सुगंधाला बघून येतेस का?"

मृणालिनीबाईंच्या मनातही ते कधीपासून होतं. त्या भाईंदर पश्चिमेहून बसने मुर्ध्याला उतरल्या. पूर्वी जिथे मिठागरं होती तिकडे क्रेन उभ्या होत्या. दोन ठिकाणी विचारत विचारत त्या सुगंधाच्या घरी पोचल्या. ओट्यावर ती सुकट निवडत बसली होती. त्यांना पाहून उभी राहिली, पण या बसा म्हणाली नाही. मागे सरकली, पाठ दाराला लागेपर्यंत.

"मी तुला कामावर बोलवायला आले," मृणालिनीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं."

सुगंधा त्यांच्या गळ्याकडे बघत होती. मंगळसूत्राकडे. किती तरी वेळ बघत राहिली.

"काका हायत?" तिने विचारलं.

तेव्हा मृणालिनीबाईंच्या लक्षात आलं. त्या दिवसानंतर हिला कुणीही काही कळवलं नव्हतं. वॉचमनने मागे सांगितलं होतं, दोन दिवसांनी पगार घ्यायला ती सोसायटीत आली होती, घराला कुलूप होतं, त्याने तिला सांगितलं काकांना आयसीयूत नेलंय, वाचायचे नाहीत म्हणतात. ती खालूनच परत गेली होती. पगार घ्यायला पुन्हा आली नाही. सहा महिने ती धरून बसली होती की आपल्या हाताने माणूस मेला.

"आहेत," मृणालिनीबाई म्हणाल्या. "अगं, आहेत. घरी आहेत."

सुगंधा खाली बसली. सुपातली सुकट कलंडली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती रडली नाही, नुसती जोरजोरात श्वास घेत राहिली, खूप लांबून पळत आल्यासारखी. मृणालिनीबाई तिच्या शेजारी ओट्यावर बसल्या. त्यांनी फोन काढला, घरी लावला आणि तिच्या कानाशी धरला.

पलीकडून दशरथ काहीतरी बोलत होते, बरंच. सुगंधा ऐकत होती. मधेच एकदा "हाय" म्हणाली, एकदा "न्हाय, न्हाय" म्हणाली. मग तिने फोन परत दिला.

"काकांचा आवाज येगला लागते."

"अर्धा गाल बधिर झालाय."

"दुकते?"

"आता नाही दुखत."

सुगंधाने मान हलवली आणि सांडलेली सुकट गोळा करायला लागली. "कामाला आता न्हाय जमायचं, काकू," ती म्हणाली. "त्या नव्या बिल्डिंगच्या हापिसात चहाचं काम धरलंय मी." मग थोड्या वेळाने, सुपाकडेच बघत, "येईन एकदा. नुसती बगायला."

"ये," मृणालिनीबाई म्हणाल्या, आणि त्याही वाकून तिच्याबरोबर सुकट वेचायला लागल्या.